स्टीम काढायच्या आधी थांबा
स्टीम म्हणजे पीसीवर गेम्स विकत घेऊन खेळायचा प्रोग्राम; त्याचा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट गेला तर स्टीम अनइन्स्टॉल करून परत टाका असं काही जण सुचवतात, ते प्लीज करू नका, कारण स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमधल्या सगळ्या गेम्स त्याच्यासोबत उडतात. आधी सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये स्टीमचं फोल्डर बघा, तिथूनच नवा शॉर्टकट बनतो.

आणि गेम्स गेल्याच असतील तर, २०२३ पासून स्टीमवर घरातल्या घरात एका पीसीवरून दुसऱ्यावर गेम घेता येते. इथे देवगडला पावसात नेट पार झोपतं, पण गणपतीला चुलतभाऊ मुंबईहून लॅपटॉप घेऊन आला, दोन्ही मशीन केबलने एकाच राउटरला लावल्या, त्याच्या स्टीमच्या सेटिंगमध्ये फ्रेंड्सना गेम घ्यायची परवानगी दिली आणि संध्याकाळची आरती होईपर्यंत ६० जीबीची गेम माझ्याकडे! फक्त ती गेम आपल्याही खात्यावर हवी.