प्रतिसाद: खरी अडचण चामड्याची नव्हतीच

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की आयफोनच्या ॲप्समधली चामड्याची शिलाई, लाकडी फळ्या, म्हणजे खऱ्या वस्तूंची पडद्यावरची नक्कल, हा सगळा भपका होता आणि 2013 मध्ये आयफोनच्या नव्या सिस्टिमने, आयओएस 7 ने, तो झाडून काढला ते बरंच झालं. अर्धंच पटलं. कॅलेंडर ॲपवरच्या फाटलेल्या कागदाच्या कडा मलाही हास्यास्पद वाटायच्या, पण त्यांनी कोणाचं काम अडत नव्हतं. नक्कल दिसण्यापुरती असेल तर फार तर डोळ्यांना खुपते, पण वापरण्याची पद्धतच उचलली की खरा ताप. 1999 चा क्विकटाइम 4 प्लेअर, ॲपलचा कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघायचा प्रोग्राम, आठवतोय का कोणाला? आवाज कमीजास्त करायला खिशातल्या रेडिओसारखं दातेरी चाक दिलं होतं. रेडिओवर ते अंगठ्याने सहज सरकतं. इथे माऊसने पकडा, ओढा, सोडा, परत वर जाऊन पकडा. साधी आडवी पट्टी दिली असती तर एका ओढीत काम झालं असतं.

आणि आयओएस 7 ने झाडू मारताना बटणांच्या कडाही गेल्या, त्याचं काय? उरली नुसती निळी अक्षरं. आमचे बाबा ती मजकूर समजून वाचायचे आणि विचारायचे, "बरं, आता दाबू कुठे?" पुढे 2014 मध्ये 7.1 आलं, त्यात सेटिंग्जमध्ये बटणांना आकार देणारा पर्याय मुद्दाम घालावा लागला. तोही ॲक्सेसिबिलिटीच्या (दिसण्या-ऐकण्याची वगैरे अडचण असणाऱ्यांसाठीच्या सोयींच्या) पोटात, म्हणजे ज्याला गरज त्याला सापडणारच नाही अशा जागी.