ठाण्यातील ज्येष्ठ शाहिरांचा अल्बम: क्लिकवर गायचे की डफावर?

प्रश्न: कळव्याचा झीलकरी

ठाण्यातील एका ज्येष्ठ शाहिरांच्या पथकात मी झील धरतो, म्हणजे शाहिरांच्या मागे साथीचे सूर गातो. शाहिरांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, आवाज अद्याप पांढरी चारमध्ये (हार्मोनियमची उंच पट्टी) खणखणीत लागतो आणि त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम यंदा करायचा, असे पथकाने ठरवले आहे. संगीत संयोजकांचे म्हणणे असे की, शाहिरांनी हेडफोन लावून क्लिकच्या, म्हणजे कानात एकसारख्या वाजणाऱ्या टिकटिकीच्या ठेक्यावर एकट्याने गावे. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झील नंतर वेगवेगळ्या ट्रॅकवर भरता येतील. डफ हातात नसेल तर आपण माइकपुढे उभेच राहणार नाही, असे शाहिरांनी बजावले आहे. मुख्य पोवाडा जवळपास चाळीस मिनिटांचा आहे. त्याखेरीज होनाजी बाळाची एक लावणी, अण्णा भाऊ साठे यांची एक छक्कड (तमाशातला गीतप्रकार) आणि वामनदादा कर्डक यांची काही गीते घ्यायची आहेत. कोणाचे ऐकावे, आणि या जुन्या रचनांना परवानगी लागते का?

उत्तर: ध्वनिमुद्रक, वाशी

शाहिरांचे ऐकावे. पोवाड्याची लय एकसारखी नसते. प्रसंग रणात उतरला की ती चढते, मध्येच गद्य निवेदन येते, तेव्हा ठेका जवळजवळ थांबतो आणि झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' उचलल्यावर शाहिरांना श्वास घ्यायला अवकाश मिळतो. हा अवकाश क्लिक देत नाही. एकट्याने गायलेल्या पोवाड्यात शाहीर कोणासाठी थांबले आहेत, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि नंतर भरलेली झील कितीही सुरेल असली तरी ती उपरीच वाटते.

सर्वांना एकाच खोलीत बसवल्यास डफाचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये शिरतो, हे खरे. कार्डिऑइड माइकची (जो समोरचा आवाज घेतो, मागचा फारसा नाही) पाठ डफाकडे ठेवली आणि मध्ये आडपडदे लावले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो; नाहीसा मात्र होत नाही, त्यामुळे एखादी चुकलेली ओळ पुन्हा घ्यायची झाल्यास ती सर्वांनी मिळून घ्यावी लागते. माझ्या मते ही किंमत मोठी नाही.

डफाविषयी एक सूचना. पावसाळ्यात दमट हवेने कातडे सैल पडते आणि आपण ते शेकोटीवर तापवतो. स्टुडिओत विस्तव चालणार नाही, आणि वातानुकूलित कोरड्या हवेत तेच कातडे हळूहळू आवळत जाऊन डफाचा नाद चढतो. म्हणून वाद्ये एक-दोन तास आधी त्या खोलीत ठेवावीत आणि तुणतुणे प्रत्येक टेकपूर्वी शाहिरांच्या षड्जाशी पुन्हा जुळवावे.

उत्तर: संयोजक, कोपरखैरणे

तुमच्या संयोजकांची बाजूही मांडणे आवश्यक वाटते. लावणी आणि गीते यांत की-बोर्ड, बास किंवा व्हायोलिन भरायचे असेल, तर क्लिकवाचून प्रत्येक वादकाला अंदाजाने वाजवावे लागते आणि स्टुडिओचे तास वाढतात. यावर तोडगा आहे: शाहिरांना डफावरच गाऊ द्यावे आणि त्यांच्या गायनावरून संगणकात लयीचा नकाशा तयार करावा, म्हणजे क्लिक शाहिरांच्या मागे चालते. काम किचकट आहे, पण होते. पोवाड्यात मात्र ही वाद्ये मुळीच घालू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

लांबीची चिंता नसावी. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच मावत, त्यामुळे त्या काळी पोवाडे कापून गावे लागत. आज ते बंधन नाही. तुकडे करायचेच असतील तर जेथे गद्य निवेदन सुरू होते तेथे करावेत, चालीच्या मध्यावर नव्हे.

उत्तर: वकील, नौपाडा

होनाजी बाळाच्या लावणीला परवानगीची गरज नाही. अन्य दोघांच्या रचनांना आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचा हक्क मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे तो २०२९च्या अखेरपर्यंत चालेल; वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४च्या अखेरपर्यंत. परवानगी वारसांकडून, किंवा त्यांनी हक्क ज्याला लेखी दिले असतील त्याच्याकडून घ्यावी. 'ही गाणी तर सर्वांचीच आहेत' असे भावनेने म्हणणे ठीक, पण अल्बम विक्रीला ठेवताना ते पुरत नाही.

शाहिरांनी केवळ दुसऱ्याची रचना गायली, तरी सादरकर्ता म्हणून त्यांचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो आणि तो ५० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा असतो. स्टुडिओने तासांचे भाडे घेतले म्हणून तो स्टुडिओकडे जात नाही.

कळव्याचा झीलकरी

सर्वांचे आभार. पोवाडा एकत्र बसूनच घेऊ, असे आमच्या संयोजकांनीही आता मान्य केले आहे. एका कंपनीने सर्व हक्कांसाठी एकरकमी पैसे देऊ केले आहेत. तिने पाठवलेल्या कागदात मुदतीचा उल्लेखच नाही. सही करावी का?

वकील, नौपाडा

तूर्त करू नये. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत; तरीही हे वाद नंतर न्यायालयात निस्तरण्यापेक्षा मुदत, प्रदेश आणि रॉयल्टीचा दर आत्ताच कागदावर आणावा. झीलकऱ्यांची नावेही त्यात घालून घ्यावीत, कारण तेही सादरकर्तेच आहेत. शिवाय मिक्सिंगपूर्वीच्या सर्व मूळ ट्रॅकची एक प्रत शाहिरांच्या ताब्यात राहील, अशी अट घालावी.