१९५७ चं तीन खोल्यांचं घर: वारसा की नुसतं जुनं?

गच्चीवरचा:
कॉलेज रोडच्या मागे आमच्या गल्लीतला शेवटचा बैठा बंगला पुढच्या महिन्यात पडतोय. बंगला आपलं म्हणायचं. तीन खोल्या, पुढे अर्धगोल व्हरांडा, त्याला लाल कोबा, कठड्याला सिमेंटची जाळी. दारावरच्या छज्ज्यावर गिलाव्यातच '१९५७' उठवलंय. त्यातला सात जरा वाकडा आहे, गवंड्याने बहुधा घाईत केला असावा.

नाशिकचा वारसा म्हटलं की सरकारवाडा, काळाराम आणि सुंदरनारायण ही मंदिरं. मान्य. पण गावठाणाबाहेरचं नाशिक वसवलं ते मास्तर, कारकून, नाशिकरोडच्या प्रेसमधली माणसं यांनी, पगारातून पैसे साठवून. त्यांच्या घरांना वारसा का म्हणू नये? माझं मत: म्हणावं, आणि पाडायला बंदी घालावी.

हिस्सेदार:
मी अशाच घरात राहतो म्हणून बोलतो. उताऱ्यावर चार भावंडांची नावं. पावसाळ्यात मधल्या खोलीत तीन बादल्या. ऐंशीच्या आईला रात्री संडासला अंगण ओलांडून जावं लागतं. वारशाची पाटी लागली की बिल्डर फिरकणार नाही आणि कौलं मात्र मीच शाकारायची. तुम्हाला जाळी आवडते ना? मग वर्गणी काढा.

ओळंबा:
बांधकामात तीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. वयावर अडू नका, तो निकष जागोजागी बदलतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात स्मारकाला किमान शंभर वर्षं लागतात, अमेरिकेतल्या राष्ट्रीय यादीसाठी साधारण पन्नास. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन १९७२ चं. साठ वर्षं झाली नाहीत म्हणून ते वारशात बसलं नाही आणि २०१७ मध्ये पाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी चंडीगडचं कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा यादीत गेलं, तेही स्वातंत्र्यानंतरचंच.

बघायचं ते बांधणीत. तेव्हा सिमेंट बराच काळ परमिटवर मिळायचं. म्हणून जोतं काळ्या दगडाचं, भिंती चौदा इंची विटांच्या, वर मंगलोरी कौलं आणि स्लॅब फक्त व्हरांड्यापुरता. तो अर्धगोल म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या गोलाकार बाल्कन्यांची हौस, खिशाला झेपेल एवढी. अशी घरं कशी बांधली हे सांगणारे गवंडी आता फार उरले नाहीत.

पंचवटीकर:
कमाल आहे! जुन्या नाशकात सागवानी खांबांचे वाडे दर पावसाळ्यात ढासळतात, महापालिका धोकादायक म्हणून नोटिसा चिकटवते. तिथे एक माणूस उभा राहत नाही, आणि इकडे सिमेंटच्या जाळीसाठी गळा काढताय. आधी वाडे. कोबा नंतर.

गच्चीवरचा:
पंचवटीकर, वाड्यांसाठीही मी अर्ज करून बघितलेत. एका कार्यालयात दीड तास बसवून 'साहेब साइटवर गेलेत' एवढंच ऐकवलं. असो.

हिस्सेदारांच्या बादल्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. बंदीचं वाक्य मागे घेतो. मालकाला हात बांधून घर सांभाळ म्हणणं म्हणजे आपली हौस दुसऱ्याच्या खर्चाने. मुंबईत १९९५ च्या नियमावलीपासून वारसा इमारतींच्या श्रेणी आहेत आणि अशा इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या एफएसआयच्या (म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्याच्या) बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा विकता येणारा हक्क, मिळण्याची सोय आहे. तसं काही पदरात पडणार असेल तरच मालकाच्या दारात जावं.

दुसरं, आमच्या गल्लीत अशी अकरा घरं होती. एकाच उंचीची, प्रत्येकापुढे एक आंबा नाहीतर बकुळ. महत्त्व त्या ओळीचं होतं. आता एकट्या घराला स्मारक म्हणताना माझीच जीभ अडखळते. अकरा असताना बोलायला हवं होतं, तेव्हा मी स्वतःच्या फ्लॅटच्या बुकिंगमागे धावत होतो.

ओळंबा:
मग निदान मोजून घ्या. टेप, कागद, दोन रविवार. नकाशा, उभा छेद, खिडकीच्या बिजागरीचे फोटो. पाडणाऱ्याचं यात काही अडत नाही. आणि नाशिकमध्ये अशी अख्खी ओळ अजून कुठे शिल्लक असेल तर ती आधी शोधा.

हिस्सेदार:
आमच्या लेनमध्ये सलग पाच आहेत. कुणाच्या विकायच्या गोष्टी चालल्यात, कुणाच्या नाहीत. मी तर विकणारच, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण मोजायला या. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवायला दोन माणसं आणा. त्याच्यामागच्या भिंतीला अजून पहिला निळा रंग आहे. आई म्हणते तो तिने पसंत केला होता.