स्पॅनिश अवॉर्ड नाइटला बॅकस्टेज, नावांचं काय करू?

प्रश्न: मी भुसावळचा, शनिवारी मुंबईत एका कंपनीची अवॉर्ड नाइट आहे, सगळी स्पॅनिशमधे, अन बॅकस्टेजला ट्रॉफ्या लावून विनरला स्टेजवर सोडायचं काम माझ्याकडे. लिस्टमधे एकेकाला दोन आडनावं, कोणतं धरू भो?

उत्तर १: बहुतेक पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. बोलताना पहिलं चालतं, पण ट्रॉफी पूर्ण नावावरूनच जुळव, गार्सिया आडनावाचे ढिगाने असतात.

उत्तर २: उच्चार देवनागरीत लिहून घे भाऊ. स्पॅनिशमधे H मुका, अन J म्हणजे ख. मी जुआन जुआन हाका मारतोय अन ख्वान बाजूलाच उभा, त्याला कळेचना, फार वाईट वाटलं.

प्रश्नकर्ता: ट्रॉफीच्या बुडाला कागदी टेप चिकटवून नंबर अन उच्चार दोन्ही लिहितो, आजच बसतो.