मदत हवी आहे: ‘सेकंडरिली’ला दर वेळी ‘दुय्यमतः’ चालेल का?

कानामात्रा

इंग्रजीतल्या ‘सेकंडरिली’ या क्रियाविशेषणासाठी मराठी शब्द हवा आहे. ‘दुय्यमतः’ आणि ‘गौणपणे’ हे दोन मिळाले, पण पुढच्या चार ठिकाणी ते बसवताना अडखळायला होतंय.

१. कोयना धरण प्रायमरिली विजेसाठी, सेकंडरिली सिंचनासाठी.
२. जामीनदार कर्जाला सेकंडरिली लायेबल असतो.
३. खरजेच्या पुळ्या सेकंडरिली इन्फेक्टेड झाल्या आहेत.
४. देवमासा सेकंडरिली अक्वॅटिक प्राणी आहे.

पहिल्यात ‘दुय्यमतः’ कसाबसा खपतो. चौथ्यात तर ‘देवमासा गौणपणे जलचर आहे’ असं हास्यास्पद वाक्य तयार होतं. आणि हा शब्द म्हणजेच ‘सेकंडली’ का? उच्चारही सांगा, दोन-तीन प्रकारे ऐकलाय.

पिंपळपार

घोळ ‘कमी महत्त्वाचा’ या अर्थाला चिकटून राहिल्याने झालाय. या शब्दाचं लॅटिन मूळ ‘मागून येणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. मागून म्हणजे कशात मागून, हे वाक्यागणिक बदलतं: कधी महत्त्वात, कधी क्रमात, कधी एखाद्या कारणाच्या मागोमाग. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द पुरतो, मराठीत पुरत नाही.

ओळखायचं कसं? त्याच वाक्यात समोर ‘मुख्यतः’ लावून बघा. सहज बसला तर मुद्दा कमी-जास्त महत्त्वाचा आहे, जसं तुमचं पहिलं वाक्य. ‘आधी अमुक, ते नाही झालं तर तमुक’ अशी फोड होत असेल तर मुद्दा क्रमाचा. ते तुमचं दुसरं. आणि ‘कशामुळे?’, ‘कशानंतर?’ असे प्रश्न पडत असतील तर महत्त्वाचा काही संबंधच नाही. तिसरं आणि चौथं तसं आहे.

आपला ‘दुय्यम’सुद्धा फारसीतून आलेला, मुळात नुसता ‘दुसरा’. ‘दुय्यम निबंधक’ म्हणजे बिनमहत्त्वाचा निबंधक नव्हे, दस्त त्याच्याकडेच नोंदवावा लागतो. पण बोलताना ‘दुय्यम’ला आता कमीपणाचा वास चिकटलाय, ‘गौण’ला तर फारच. म्हणून कोयनेच्या वाक्यातही मी ‘गौण’ टाळेन. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे, वीज पहिली हे खरंच. पण टेंभू-ताकारी उपसा योजनांची भिस्त याच पाण्यावर असते, तिथल्या शेतकऱ्याला सिंचन गौण आहे असं सांगून बघा. ‘धरण मुख्यतः विजेसाठी, सिंचन हा दुसरा उपयोग’ एवढं पुरे. क्रियाविशेषणाला क्रियाविशेषणच द्यायला हवं असा काही नियम नाही.

साक्षांकित प्रत

दुसऱ्या वाक्याबद्दल. इथे ‘दुय्यम जबाबदारी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याची फसगत होईल. त्याला वाटेल, आपल्यावर थोडीच रक्कम येईल, किंवा बँक कर्जदाराचं सगळं विकून झाल्यावरच आपल्याकडे वळेल. दोन्ही चूक.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२६ प्रमाणे हमी म्हणजे तिसऱ्याने कसूर केल्यास त्याचं देणं फेडण्याचा करार. ‘सेकंडरिली’ येतो तो इथून. कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज, वसुलीचा खर्च, सगळं. कसूर झाल्यावर आधी कर्जदारावर दावा लावून तो निकाली निघेपर्यंत थांबण्याचं बंधनही धनकोवर नाही.

म्हणून असं लिहा: ‘मूळ कर्जदाराने हप्ते थकवल्यास जामीनदार तेवढ्याच रकमेचं देणं लागतो.’ रकमेची मर्यादा करारात घातली असेल तर तो आकडा त्याच वाक्यात टाका. आणि ‘थकवल्यास’च लिहा, ‘चुकवल्यास’ नको. हिंदीच्या संगतीने ‘कर्ज चुकवणे’ म्हणजे फेडणे असं आता बरेच जण समजतात. अर्थ बरोबर उलटा होतो.

कात्री-कापूस

तिसऱ्या वाक्यात नेमकं काय घडतं ते कळलं की शब्द आपोआप सुचतो. खरूज होते ती त्वचेत बिळं करणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे. खाजवून त्वचा सोलवटते आणि तिथून जिवाणू शिरतात. हा दुसरा संसर्ग पहिल्यावर चढलेला असतो, पहिल्यापेक्षा सौम्य असतोच असं नाही. त्यात स्ट्रेप्टोकोकस असेल तर काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

रुग्णांसाठीच्या पत्रकात ‘दुय्यम संसर्ग’ छापला की लोक तो किरकोळ समजतात. ‘खाजवून झालेल्या जखमांत नंतर जिवाणूंचा संसर्ग झाला आहे’ असं सरळ लिहा. लांब होतं, होऊ द्या. उपचारही दोन लागतात, किडीवर वेगळा आणि जिवाणूंवर वेगळा, हे त्यातूनच कळतं.

‘जखम सेकंडरिली भरू दिली’ असंही पुढे कुठे भेटेल. तिथे ‘नंतर’ही चालणार नाही. टाके न घालता जखम उघडी ठेवून तळापासून भरून येऊ देणं, असा त्याचा अर्थ.

गोगलगाय

चौथं. मासे पाण्यातच घडले. देवमाशाचे पूर्वज मात्र जमिनीवरचे चार पायांचे, खुरवाल्या प्राण्यांच्या नात्यातले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ते पाण्याकडे वळू लागले. त्यांचा एक जवळचा नातेवाईक, इंडोह्यस, आपल्याकडे जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांत सापडलाय. जमिनीवरचा वारसा देवमाशात अजून दिसतो: फुप्फुसाने श्वास, आणि पोहताना शेपटी वर-खाली, माशासारखी डावी-उजवीकडे नाही.

तेव्हा ‘पुन्हा जलचर झालेला प्राणी’. पण हे सूत्र शहामृगाला लावू नका. तोही ‘सेकंडरिली फ्लाइटलेस’, आणि ‘पुन्हा न उडणारा’ म्हणजे काहीच कळत नाही. तिथे ‘उडण्याची क्षमता गमावलेला’.

पिंपळपार

राहिलेले प्रश्न.

‘सेकंडली’ वेगळा. तो फक्त मुद्दे मोजतो, मराठीत ‘दुसरं असं की’. दुसरा मुद्दा सगळ्यांत वजनदारही असू शकतो. मुद्द्यांच्या यादीत ‘सेकंडरिली’ वापरणं ही सर्रास होणारी चूक आहे.

उच्चार: ब्रिटिश पद्धतीत आघात सुरुवातीच्या ‘से’वर आणि मधला स्वर जवळजवळ गिळलेला, ‘सेकंड्रिली’सारखा. अमेरिकन पद्धतीत आघात ‘डे’वर, ‘सेकन्डेरिली’. हा दुसरा आता ब्रिटनमध्येही ऐकू येतो. दोन्ही बरोबर. स्पेलिंगमध्ये ‘सेकंडरी’च्या शेवटचा वाय जाऊन आय येतो आणि मग एल-वाय, वाय तसाच ठेवून लिहितात ते चूक.

आणखी दोन शब्दांशी गल्लत होते. ‘मार्जिनली’ म्हणजे किंचित, तिथे प्रश्न ‘किती’ हा असतो, कमी-जास्त महत्त्वाचा नसतो. ‘इन्सिडेंटली’ वाक्याच्या सुरुवातीला आला तर ‘जाता जाता’, मध्ये आला तर ‘ओघाने’.

‘ओन्ली सेकंडरिली’ ही जोडी दिसली तर ‘केवळ दुय्यमतः’ लिहू नका. ‘द डिस्प्यूट इज ओन्ली सेकंडरिली अबाउट मनी’ याचं मराठी ‘भांडण आधी मानाचं, मग पैशाचं’. मराठीत हे काम ‘आधी… मग’ची जोडी करते, सुटा शब्द नाही.

कानामात्रा

सर्वांचे आभार. आता असं केलंय:

१. कोयना धरण मुख्यतः विजेसाठी आहे. सिंचन हा त्याचा दुसरा उपयोग.
२. मूळ कर्जदाराने हप्ते थकवल्यास जामीनदारही तेवढ्याच रकमेचं देणं लागतो.
३. खरूज खाजवून झालेल्या जखमांत नंतर जिवाणूंचा संसर्ग झाला आहे.
४. देवमासा हा पुन्हा जलचर झालेला मासा आहे.

गोगलगाय

चौथ्यातला शेवटचा ‘मासा’ काढा, ‘सस्तन प्राणी’ करा. नावात मासा आहे म्हणून हात आपोआप तिकडे जातो. बाकी ठीक.

साक्षांकित प्रत

दुसऱ्यात तुम्ही ‘जामीनदार’ला ‘ही’ जोडलाय तो राहू द्या. माझ्या वाक्यात नव्हता, पण हवा होता. त्याच्याविना कर्जदार सुटला असं वाटतं.