नवा राउटर घरी आला, मग काय झालं? अनुभव लिहा

धागाकर्ती, ठाणे

राउटरच्या खोक्यावर तीन चित्रं असतात. वायर लावा, अॅप उतरवा, नाव-पासवर्ड द्या. घरातले सगळे तुमच्याकडे बघत उभे आहेत आणि मुलाची ऑनलाइन परीक्षा दहा मिनिटांवर आहे, असं चौथं चित्र काही छापत नाहीत. हा धागा त्या चौथ्या चित्रासाठी. कोणता राउटर चांगला यावर वाद नको. कुठे अडलं, का अडलं, कसं सुटलं ते लिहा. सुटलं नसेल तरी लिहा. कंपन्यांची नावं टाळा, उगाच बाजू घेऊन भांडणं होतात.

माझं सांगते. आमच्या केबलवाल्याने जोडणी जुन्या राउटरच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे डब्याच्या ओळख-क्रमांकाला, बांधून ठेवली होती. नवा लावला, दिवे हिरवे, फोनही जोडला गेला, पण नेट नाही. तक्रार क्रमांकावरची मुलगी "मॅम, एकदा बंद करून चालू करा" याच्या पुढे सरकेना. शेवटी बिल घ्यायला येणाऱ्या मुलाला विचारलं. "ताई, नवीन डब्याच्या खाली स्टिकर आहे ना, त्याचा फोटो टाका. आम्ही इकडून जुना काढून नवीन चढवतो." चहा होईपर्यंत नेट आलं. त्यांचं ऑफिस बंद असेल तर बऱ्याच राउटरमध्ये 'मॅक क्लोन' असा पर्याय असतो. त्यात जुन्या डब्याचा बारा आकडे-अक्षरांचा क्रमांक भरला की पलीकडे काही बदलल्याचं कळतच नाही.

जांभेकरी, रत्नागिरी

घर जांभ्याचं, भिंती दीड फुटी. फायबर पडवीत आली म्हणून राउटरही पडवीत. तिथे वेग झकास, माजघरात जेमतेम, मागच्या खोलीत फोन वायफायचं नाव तेवढं दाखवतो, उघडत काहीच नाही. वायफायच्या दोन लहरी, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ अशा भिंतीपुढे हात टेकतं. २.४ त्यातल्या त्यात आत शिरतं, पण वेग कमी, आणि पावसाळ्यात भिंती पाणी प्यायल्या की तेही रडतं.

आधी रेंज वाढवणारा छोटा डबा आणला. आमचा स्वस्तातला होता, ज्या लहरीवरून घ्यायचं त्याच लहरीवरून पुढे द्यायचं, त्यामुळे वेग निम्म्यावर. मग वाशांवरून लॅनची वायर ओढली आणि मागच्या खोलीत जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरवरून आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवायला, बसवला. आता सगळीकडे चालतं. आई म्हणते, "वायरच ओढायची होती तर बिनवायरीचं आणलंत कशाला?"

घाईत, पनवेल

सेटअप करताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. नव्या वायफायला अजून नेट नसतं, म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि राउटरचं सेटिंगचं पान काही केल्या उघडत नाही. खोक्यातल्या कागदावर हे का छापत नाहीत देव जाणे.

दुकानदार, नागपूर

फायबर ज्यात येते त्या डब्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला क्रमांक, १९२.१६८.१.१, नव्या राउटरचाही तोच. दोघांचा पत्ता एक म्हटल्यावर नेट पुढे जाणार कसं? नव्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला तेव्हा नेट आलं.

खरी डोकेदुखी पुढे होती. दुकानातले कॅमेरे घरून दिसेनात. दोन्ही डबे राउटरगिरी करत होते, म्हणून फायबरचा डबा ब्रिज मोडला, म्हणजे नेट नुसतं पुढे सोडायला, टाकायला लावला आणि नेट कंपनीत लॉगिन करायचं पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड नव्यात भरलं. तरी कॅमेरे नाहीच. मग राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तर १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला. राजेहो, तो पत्ता आपला एकट्याचा नसतेच! कंपनी एक सार्वजनिक पत्ता कितीतरी गिऱ्हाइकांत वाटते. अशा ठिकाणी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं कॅमेऱ्याकडे वळवायची सेटिंग, कितीही करा, बाहेरून आपल्यापर्यंत रस्ताच नाही. शेवटी दरमहा जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा न बदलणारा पत्ता, घेतला. राउटरवाला, नेटवाला, कॅमेरेवाला, तिघांपैकी एकानंही हे आधी सांगितलं नाही. पैसे मात्र तिघांनीही घेतले.

पेठेतून, पुणे

'नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, काही परत जोडावं लागत नाही' हा सल्ला ऐकला असेल. सल्ला बरोबर आहे. फोन, टीव्ही आपोआप आले. प्रिंटर ढिम्म. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर होता आणि आमच्या प्रिंटरची अक्कल डब्ल्यूपीए२ पर्यंतच. सेटिंगमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय असतो, तो ठेवल्यावर साहेब बोलायला लागले.

गिझरच्या स्मार्ट प्लगला तर फक्त २.४ कळतं. राउटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले होते आणि प्लगचं अॅप फोन २.४ वर नाही म्हणून अडून बसलं होतं. जोडण्यापुरतं ५ बंद केलं, नंतर चालू.

म्युनिकहून

जर्मनीत ऑगस्ट २०१६ पासून आपला राउटर आपण निवडायचा हक्क कायद्याने आहे. कंपनी 'आमचाच डबा लावा' म्हणून अडवू शकत नाही. आम्ही मोठ्या हौसेने निवडला. मग कळलं, त्यात भरायची माहिती टपालाने येणार. हो, नेट सुरू करायला टपाल!

पत्र आलं, तर लाइन जोडायला माणूस यायचा होता. सकाळपासून दुपारपर्यंत केव्हाही येईल, घरी थांबा. थांबलो. इमारतीच्या घंटीवर घरमालकाने आमचं नाव लावलेलं नव्हतं, तेवढ्या कारणावरून तो खालूनच परत गेला आणि पुढची तारीख कितीतरी लांबची मिळाली. तोपर्यंत सांगलीला आईशी बोलणं फोनच्या डेटावर. तिचा रोजचा प्रश्न, "तिकडे एवढी प्रगती आहे ना?"

कोल्हापुरी

वायफायला मराठी नाव द्यायचं ठरवलं. 'पाटलांचा वाडा' राउटर घेईना. कारण मजेशीर आहे. नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'थोरला वाडा' २८ बाइटांत बसलं. फोनवर झोकात दिसतं. जुन्या टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात, पण निवडला की जोडतो.

फायबरवाला, नाशिक

मी हेच काम करतो, म्हणून पलीकडची बाजू. लोक राउटर बदलतात, वायर बदलत नाहीत. तीनशे एमबीपीएस वेगाचा प्लॅन, नवाकोरा राउटर, आणि वेग बरोबर नव्वद-पंचाण्णवला अडकलेला. असा आकडा दिसला की मी आधी फायबरच्या डब्यातून राउटरला जाणारी वायर बघतो. आठ तारांपैकी चारच जोडलेल्या किंवा एखादी तुटलेली असली की जोडणी शंभरवर उतरते. काही स्वस्त राउटरचं पोर्टच शंभरचं असतं, खोक्यावर मात्र हजाराच्या वर आकडा. तो हवेतला वेग, तोही २.४ आणि ५ दोन्हींची बेरीज करून.

दुसरं, फायबर. राउटर टीव्ही युनिटच्या मागे सरकवताना ती काटकोनात मुडपतात. आतून काच आहे ती. प्रकाश बाहेर गळतो, मीटरवर प्रकाशाची पॉवर उणे २८ डीबीएमच्या खाली जाते, लाल दिवा लागतो, आणि फोन येतो 'नवीन राउटर खराब निघाला'. कनेक्टरचंही तेच. हिरवा हिरव्यात, निळा निळ्यात. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घुसवला तर बसतो, पण सिग्नल मार खातो.

आणि अॅडॅप्टर! ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा, पिन सारखीच. १२ च्या डब्याला ९ चा लावला की दिवे लागतात, पण जरा वापर वाढला की डबा आपोआप बंद-चालू होतो. उलट केलं तर डबा जळूही शकतो. जुना आणि नवा अॅडॅप्टर एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

चौथा मजला, डोंबिवली

आमचं अजून सुटलेलं नाही. दिवसा ठीक, रात्री नऊनंतर व्हिडिओ अडखळतो. फोनमध्ये शेजाऱ्यांची वायफायं मोजून थकले. २.४ च्या आत चॅनल म्हणजे वेगवेगळ्या वाटा असतात, त्यातले १, ६, ११ हेच एकमेकांत घुसत नाहीत म्हणतात, पण आमच्या बिल्डिंगमध्ये तिन्हींवर गर्दी आहे. ५ वर गेलं तर बेडरूममध्ये रेंज नाही. राउटर हॉलमध्ये लोखंडी कपाटावर आहे, कारण सासूबाईंना तो दिसेल अशा जागी नकोय.

फायबरवाला, नाशिक

वहिनी, आधी कपाटावरून उतरवा. मग रात्री नऊला लॅपटॉप वायरने राउटरला जोडून वेग मोजा. वायरवरही कमी आला तर वायफाय सोडा, नेटवाल्याला धरा. दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.