कॉम्प्युटरवर पार्टमधला ताण (स्ट्रेस) काढताना पार्टचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून जाळं करतात, ती मेश. एकाच मेशवरचा स्ट्रेस रिपोर्ट मान्यच करू नये, तुमचं मत काय?

सांगाडा: माझं मत स्पष्ट आहे, एकच मेश घेऊन रंगीत कंटूर (ताणाचा नकाशा) चिकटवायचा आणि खाली 'डिझाइन सेफ' लिहायचं, असा रिपोर्ट परत पाठवायला हवा. निदान तीन मेश करा आणि आकडा कुठे स्थिरावतोय ते दाखवा. नॉर्वेतला स्लाइप्नर ए हा समुद्रातला गॅसचा प्लॅटफॉर्म आठवा. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टावांगरजवळच्या फ्योर्डमध्ये प्लॅटफॉर्मचा अख्खा काँक्रीटचा बेस बुडाला, का तर बेसचे पोकळ कप्पे (सेल) जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या तिकोनी पोकळीच्या, म्हणजे ट्रायसेलच्या, भिंतीतला शिअर (कातरणारा ताण) एफईएम मॉडेलने, म्हणजे अशाच मेशवरच्या हिशोबाने, तब्बल ४७ टक्के कमी दाखवला होता.

रेषाखंड: अजिबात पटलं नाही. सगळं खापर मेशवर कशाला, त्या जागी सळयांचं अँकरेजही (काँक्रीटमधली पकड) अपुरं होतं. आणि तो शिअर साध्या बीमच्या हिशोबातही सापडला असता, कुणी कागदावर करून बघायला हवं होतं एवढंच. तीन मेश काढा नाहीतर दहा, लोड किंवा सपोर्ट चुकीचा दिला असेल तर चुकीच्याच उत्तराकडे छान कन्व्हर्ज होणार, म्हणजे तिथेच स्थिरावणार ना? नवीन मुलांना आधी किर्श या संशोधकाचं १८९८ चं कागदावरचं उत्तर द्या. अनंत प्लेट, गोल भोक, एका दिशेला ओढ, भोकाच्या कडेला तिप्पट स्ट्रेस. तो ३ सॉफ्टवेअरमधून काढता आला की मग पुढचं.

कोपरा: दोघांनाही एक विचारतो, एल आकाराच्या ब्रॅकेटच्या आतल्या धारदार कोपऱ्याचं काय करणार? तिथे इलॅस्टिसिटीच्या (लवचिकतेच्या) गणिताचं उत्तरच अनंत आहे, विल्यम्स या संशोधकाने १९५२ मध्येच दाखवलंय. मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा, स्थिरावणारच नाही. तुमचा नियम लावला तर चांगलं डिझाइन पण नापास. फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मॉडेल करा, नाहीतर कोपऱ्यापासून लांबचा स्ट्रेस वाचा.

सांगाडा: @कोपरा अहो पण तिथे सिंग्युलॅरिटी (अनंताकडे जाणारा ताण) आहे हे कळतं कधी, दुसरी मेश केल्यावरच ना! एका मेशवर तोच कोपरा निवांत हिरवा दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही. @रेषाखंड कागदावरचा हिशोब हवाच, पण खऱ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या कास्टिंगला किर्श लावणार कसा?

रबरवाला: आमच्याकडे सील, बुश वगैरे असतं. पॉइसन रेशो (ओढल्यावर पार्ट आडवा किती आकसतो त्याचं प्रमाण) ०.५ च्या जवळ गेला, म्हणजे रबरासारखं आकारमान जवळजवळ बदलतच नसेल, की साधे लिनिअर एलिमेंट लॉक होतात, पार्ट आहे त्याच्यापेक्षा कितीतरी कडक दिसतो. मेश दुप्पट बारीक केली तरी आकडा इतका हळू सरकतो की माणसाला वाटतं झालं कन्व्हर्ज, आणि खरं उत्तर अजून कुठच्या कुठे असतं. तिथे प्रेशर वेगळं अननोन घेणारी मिक्स्ड पद्धतच लागते. म्हणून मी म्हणतो, मेशच्या आधी रिपोर्टात एलिमेंटचा प्रकार लिहायची सक्ती करा.

रेषाखंड: @रबरवाला हे मात्र शंभर टक्के. आणि त्याच्या खालीच सपोर्टकडून येणाऱ्या उलट बलाची, म्हणजे सपोर्ट रिअ‍ॅक्शनची बेरीज लावलेल्या लोडएवढी येते का, ती एक ओळ पण.